को-पायलट बोलला होता, मग विमान उतरलं कसं?

विमान पडलं की आपल्याकडे दोन दिवसात निकाल लागलेला असतो, पायलटची चूक. अहमदाबादच्या वेळी हेच बघितलं. १२ जून २०२५ ला २६० माणसं गेली, महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला, त्यात दोन पायलटमधल्या संभाषणाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि त्या दोन ओळींवरून लोकांनी मेलेल्या माणसाचं घर, वय, मनःस्थिती सगळं काढलं. प्राथमिक अहवालात कारण दिलेलंच नसतं, पण ते वाचायला कोणाला वेळ आहे. मला याचा त्रास होतो. पायलट चुकतच नाहीत असं माझं म्हणणं नाही, ते चुकतात आणि माणसं मरतात, पण पायलटची चूक हे दोन शब्द एकदा उच्चारले की पुढचं कोणी काही विचारतच नाही, आणि खरं विचारायचं असतं ते पुढचंच असतं.

म्हणून मी अशा दोन अपघातांबद्दल लिहितोय ज्यांचे पूर्ण अहवाल येऊन कितीतरी वर्षं झाली. दोन्ही आपल्या देशातले, दोन्ही एकाच एअरलाइनचे, दोन्ही विमानं दुबईहून आलेली, दोन्ही टेकडीच्या माथ्यावर कापून काढलेल्या रनवेवर, आणि दोन्हीत को-पायलटने वेळ जाण्याआधी किंवा जाता जाता बरोबर तेच सांगितलं होतं जे सांगायला पाहिजे होतं.

पहिला मंगळूरचा. २२ मे २०१०, पहाट. एअर इंडिया एक्सप्रेसचं बोईंग ७३७-८००, आत १६६ माणसं, त्यातली फक्त ८ वाचली. कॅप्टन सर्बियाचा, दहा हजार तासांहून जास्त उड्डाण केलेला, को-पायलट भारतीय, त्याचेही साडेतीन हजारांच्या वर तास. म्हणजे कोणी नवखं नव्हतं. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर साधारण शेवटच्या दोन तासांचं रेकॉर्डिंग असतं, त्यातला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टन झोपलेला होता, घोरण्याचा आवाज टेपवर आहे. आता हे वाचून लगेच बेजबाबदार म्हणायचा मोह होतो. पण रात्रभराची ड्युटी, शरीर सगळ्यात सुस्त असतं ती पहाटेची वेळ, आणि गाढ झोपेतून उठल्यावर पहिली काही मिनिटं डोकं चालत नाही हे तर कोणत्याही नाइट शिफ्टवाल्याला विचारा. त्यात मंगळूरचं रडार दोन दिवसांपासून बंद होतं, त्यामुळे विमानाला खाली यायची परवानगीच उशिरा मिळाली. रनवे जवळ आला तेव्हा विमान जिथे असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं.

को-पायलट म्हणाला, खूप उंच आहोत. मग म्हणाला गो अराउंड, म्हणजे उतरू नका, परत वर चला आणि नव्याने या. एकदा नाही, तीन वेळा सांगितलं. मशीनसुद्धा ओरडत होतं, सिंक रेट, पुल अप, म्हणजे फार वेगाने खाली येताय, वर ओढा. कॅप्टनने विमान खाली नेलं, रनवेची लांबी ८०३३ फूट आणि चाकं टेकली ती सुरुवातीपासून ५२०० फुटांवर. उतरल्यावर, इंजिनाचे रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवून विमान थांबवायच्या झडपा, उघडल्यावर, कॅप्टनने परत उडायचा प्रयत्न केला. त्या क्षणानंतर ते शक्यच नसतं.

या अपघाताच्या चौकशीचे प्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, मराठी वाचकांना नाव ओळखीचं असेल. अहवालात कॅप्टनची चूक स्पष्ट लिहिलीये, कुठे आडपडदा नाही. पण त्याच्याच पुढे एक वाक्य आहे जे मला सगळ्या अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. को-पायलटला स्वतःहून गो अराउंड करायचा अधिकार नेमका कधी, याबद्दलच्या वेगवेगळ्या सूचनांमधे संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला पण त्याने कंट्रोल हातात घेतले नाहीत, असं त्यात म्हटलंय. संदिग्धता! १५८ माणसं, आणि एका माणसाला हे नक्की माहीत नाही की आपल्याला हात पुढे करायची परवानगी आहे की नाही.

मग दहा वर्षं गेली. ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. लॉकडाऊनमधे अडकलेल्या लोकांना आणणारी वंदे भारत मोहिमेतली फ्लाइट, आत १९० माणसं. कॅप्टन दीपक साठे, नागपूरचं घराणं, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून आलेले, स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले, दहा हजार तासांहून जास्त अनुभव. को-पायलट अखिलेश कुमार, दोन हजारच्या आसपास तास. दोघंही गेले, त्यांच्यासकट २१ माणसं गेली. महाराष्ट्रात आपण सगळ्यांनीच त्या रात्री हळहळ व्यक्त केली, एवढ्या कसलेल्या माणसाच्या हातून विमान गेलं याचं दुःख होतं. वर्षाने अहवाल आला तेव्हा तो पचवणं जड गेलं. अहवालाने म्हटलं, ठरलेली पद्धत पाळली नाही, स्थिर नसलेलं अप्रोच, म्हणजे वेग आणि उंची नीट बसलेली नसताना उतरण्यासाठी खाली येणं, चालू ठेवलं, विमान रनवेच्या अर्ध्यावर टेकलं, को-पायलटने गो अराउंड सांगूनही परत वर गेले नाहीत. आणि दुसरी गोष्ट, को-पायलटने कंट्रोल घेतले नाहीत.

मला वाटतं साठेंबद्दल आदर ठेवणं आणि अहवाल मान्य करणं यात भांडण नाहीये. उलट एवढा चांगला माणूस, एवढा शिस्तीत वाढलेला माणूस जर त्या रात्री चुकू शकतो तर कोणीही चुकू शकतो, आणि मग कॅप्टन चांगला निवडा एवढ्या उपायावर विसंबता येत नाही.

त्या रात्री काय काय होतं बघा. पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला, विमान परत वर नेलं, बरोबरच केलं. मग दुसऱ्या बाजूने, रनवे १० वर यायचं ठरलं, तिथे वारा पाठीमागून, साधारण १४ नॉट. वायपर यावेळी चालला पण हवा त्या वेगाने नाही. इंधन होतं, दुसऱ्या एअरपोर्टला जाता आलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच साठेंची फ्लाइट होती. तिथे परत पोचायचंच आहे या विचाराने निर्णय त्या बाजूला ओढले गेले असं अहवालात म्हटलंय, आणि ते का याचंही उत्तर दिलंय. कोझिकोडच्या बेसवर २६ को-पायलट होते आणि कॅप्टन किती, तर एक! हे कंपनीचं मनुष्यबळाचं धोरण. हा आकडा टीव्हीवर कोणी मोठ्या अक्षरात दाखवलेला मला आठवत नाही.

आणि आता शेवटच्या काही सेकंदात को-पायलट काय बोलला ते. विमान वेगाने खाली येत होतं तेव्हा तो म्हणाला, जस्ट चेक इट. नुसतं एवढंच, हे काही ठरलेलं वाक्य नाही. मग रनवे पायाखालून जायला लागला, चाकं अजून हवेत, तेव्हा म्हणाला, कॅप्टन. अवघडलेल्या, दबक्या आवाजात, असं अहवालाने नोंदवलंय. आणि मग अगदी जमिनीला टेकता टेकता, गो अराउंड. विमान टेकलं ४४३८ फुटांवर, रनवे ८८५८ फूट, म्हणजे बरोबर अर्धा मागे गेलेला.

जस्ट चेक इट, कॅप्टन, गो अराउंड. या तीन पायऱ्या चढायला त्याला जो वेळ लागला त्या वेळात रनवे संपत होता. आपल्यातल्या कोणाला हे अनोळखी आहे सांगा. घाटात काका गाडी चालवतायत, पावसात, जरा जास्तच वेगात, शेजारी बसलेला पुतण्या काय म्हणतो, काका पाऊस जोरात आहे ना. मग म्हणतो, काका. काका थांबवा गाडी, असं ओरडायला तो तयार होतो तोवर वळण आलेलं असतं. त्यात काका वाईट नाहीत आणि पुतण्या भित्रा नाही. वरच्या माणसाला थेट सांगायचं नाही, सुचवायचं, हे आपण लहानपणापासून शिकतो, घरात शिकतो, शाळेत शिकतो, ऑफिसात तर रोजच.

इथे एक उत्तर तयार असतं, की ही आपली आशियाई संस्कृती, मोठ्यांपुढे मान खाली, त्यामुळेच होतं. मला ते पटत नाही. इतिहासातला सगळ्यात मोठा विमान अपघात डच कॅप्टनच्या हातून झाला. २७ मार्च १९७७, टेनेरिफ, दोन जंबो जेट धुक्यात एकाच रनवेवर धडकली, ५८३ माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन याकोब फेल्डहायझन फान झान्टन, कंपनीतल्या ७४७ च्या ट्रेनिंगचा मुख्य माणूस, शेजारी बसलेल्या को-पायलटला ७४७ साठी पास करणारा तोच. कॅप्टनने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचे दांडे, पुढे केले तेव्हा को-पायलटने थांबवलं, अजून क्लिअरन्स, म्हणजे टॉवरची परवानगी, नाही म्हणाला. कॅप्टन म्हणाला माहितीये, विचार. पुढे रूटचं क्लिअरन्स आलं, टेकऑफचं नाही, तरी कॅप्टन निघाला, आणि यावेळी को-पायलट गप्प राहिला. एकदा टोकलं की दुसऱ्यांदा टोकणं किती जड जातं ते इथे दिसतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन अ‍ॅमचं विमान रनवेवरून गेलं नाही का? कॅप्टन म्हणाला, हो गेलं की. नेदरलँड्समधे तर बॉसला तोंडावर सांगायची पद्धत आहे म्हणतात. तरीही असं झालं.

आणि उलट उदाहरण कोरियन एअरचं. ऐंशी आणि नव्वदच्या दशकात त्यांची विमानं एकामागोमाग पडत होती, १९९७ ला ग्वामला २२८ माणसं गेली, तेव्हा जगभर हेच बोललं गेलं की कोरियन लोक मोठ्यांना उलट बोलत नाहीत. मग त्यांनी बाहेरून माणूस आणला, ट्रेनिंग पूर्ण बदललं, आणि १९९९ नंतर त्यांच्या विमान अपघातात एकही माणूस गेलेला नाही. तेच कोरियन, तीच संस्कृती. बदलली ती एअरलाइन.

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, सीआरएम, म्हणजे कॉकपिटमधल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलत, टोकत मिळून काम करायचं, हे सगळे पायलट शिकतात, आपल्याकडेही शिकतात. त्याचा जन्मच अशा अपघातातून झाला. १९७८ च्या डिसेंबरमधे पोर्टलंडला युनायटेडचं एक विमान चाकांचा प्रॉब्लेम सोडवत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं, इंधन कमी होतंय हे बाकीच्यांना दिसत होतं पण कॅप्टनपर्यंत ते पोचेल अशा जोराने कोणी बोललं नाही. त्यानंतर नासाने कार्यशाळा घेतली आणि युनायटेडने १९८१ पासून हे ट्रेनिंग चालू केलं. ते फुकट गेलं नाही, १९८९ ला सू सिटीला त्याच कंपनीच्या डीसी-१० ची सगळी हायड्रॉलिक्स गेली, म्हणजे विमान वळवायचं साधनच उरलं नाही. प्रवासी म्हणून बसलेला एक ट्रेनिंग कॅप्टन कॉकपिटमधे येऊन जमिनीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी थ्रॉटल सांभाळत होता, कॅप्टन अल हेन्स सगळ्यांना विचारत होता, काय करूया. २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्सने आयुष्यभर त्याचं श्रेय सीआरएमला दिलं.

पण माझा मुद्दा इथेच आहे. आपण सीआरएमचा जो अर्थ लावून बसलोय तो असा की ज्युनिअरला बोलायला शिकवा. मंगळूरचा को-पायलट तीनदा बोलला. कोझिकोडचा बोलला, उशिरा का होईना. बोलण्याने काम झालं असतं तर ती विमानं वर गेली असती. को-पायलटचं म्हणणं प्रत्यक्षात सल्ला ठरतं, ते हुकूम व्हायला पाहिजे. कॉकपिटमधला कोणीही गो अराउंड म्हणाला की वर जायचं, बस्स, चर्चा नाही, कारण विचारायचं नाही, वर गेल्यावर बोला. आणि कॅप्टनने नाही ऐकलं तर दोन सेकंदात को-पायलटने आय हॅव कंट्रोल म्हणून विमान घ्यायचं, आणि हे पुस्तकात लिहिलेलं पुरत नाही, सिम्युलेटरमधे कॅप्टनला मुद्दाम चूक करायला लावून को-पायलटकडून विमान हिसकावून घ्यायची सवय करून घ्यायची, एकदा नाही, दर वेळी. आयुष्यात कधीच न केलेली गोष्ट माणूस पावसात, रात्री, जमिनीपासून शंभर फुटांवर पहिल्यांदा करेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. दोघांनी विमान ओढायला सुरुवात केली तर? १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमधे पडलं तेव्हा शेवटच्या क्षणांत एक पायलट स्टिक मागे ओढत होता आणि दुसरा पुढे ढकलत होता, २२८ माणसं गेली. म्हणून मी सगळ्याच गोष्टीत को-पायलटला कंट्रोल घ्यायचा अधिकार द्या म्हणत नाहीये. गो अराउंड ही एकच गोष्ट अशी आहे की जिथे दिशा ठरलेली आहे, वर. विनाकारण वर गेलात तर पंधरा मिनिटं आणि थोडं इंधन जातं. जायला पाहिजे होतं आणि गेला नाहीत तर काय जातं ते वर लिहिलंय. अर्थात रिव्हर्सर उघडण्याआधीपर्यंतच, त्याच्यानंतर तो दरवाजा बंद. आणि गो अराउंडसुद्धा सोपा नसतो, २०१६ ला रोस्तोवला फ्लायदुबईचं विमान वर जातानाच कोसळलं, ६२ माणसं गेली, म्हणून त्याचाही सराव लागतो. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो, तर हाक लवकर मारायची, हजार फुटांवर, पाचशे फुटांवर, जिथे विमान स्थिर नाही हे आकड्यांवरून कळतं, रनवे पायाखालून पळायला लागल्यावर नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने काढलेला आकडा असा की स्थिर नसलेल्या अप्रोचपैकी जेमतेम ३ टक्क्यांत गो अराउंड केला जातो. बाकी ९७ टक्के उतरतात, आणि बहुतेक वेळा सुखरूप उतरतात, आणि त्यामुळेच पुढच्या वेळीही उतरायची हिंमत होते.

दुसरा आक्षेप, को-पायलटला अनुभव कमी, कॅप्टनलाच जास्त कळणार. हे ऐकायला बरोबर वाटतं. पण अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने १९९४ मधे ३७ मोठे अपघात तपासले, १९७८ ते १९९० मधले, ज्यात क्रूची चूक होती, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त अपघातात विमान कॅप्टन चालवत होता. कॅप्टन वाईट चालवतात म्हणून असं झालं नाही. कॅप्टन चालवत असला की त्याची चूक पकडायचं काम ज्युनिअरवर येतं आणि तीच बाजू कच्ची असते. को-पायलट चालवत असेल तर कॅप्टन बिनधास्त टोकतो. त्याच अभ्यासात, जिथे माहिती मिळाली तिथे, ७३ टक्के अपघात त्या दोघांच्या एकत्र ड्युटीच्या पहिल्याच दिवशी झालेले होते, ४४ टक्के तर पहिल्याच उड्डाणात. म्हणजे समोरचा माणूस कसा आहे, टोकलं तर चिडेल का, हेच अजून कळलेलं नसताना.

आता आपल्याकडे शिरस्ता काय, तर अवघड एअरपोर्ट, टेबलटॉप म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा रनवे, धो धो पाऊस असला की कॅप्टननेच उतरवायचं. कारण समजतं, पण याचा अर्थ जिथे दुसऱ्याच्या टोकण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच टोकणारा कायम ज्युनिअर. ब्रिटिश एअरवेजमधे खराब हवामानासाठी वेगळी पद्धत कितीतरी वर्षं वापरली गेलीये, को-पायलट विमान खाली आणतो, कॅप्टन नजर ठेवतो आणि बाहेर बघतो, रनवे दिसला आणि सगळं ठीक असलं तरच कॅप्टन ताब्यात घेऊन उतरवतो, नाहीतर को-पायलट आपोआप वर नेतो. म्हणजे वर जायला कोणाला काही विशेष करावं लागत नाही, उतरायलाच करावं लागतं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. कोझिकोड-मंगळूरसाठी आपण हे का करू नये याचं उत्तर मला कुठल्या अधिकृत कागदात सापडलेलं नाही.

को-पायलटच्या पोटापाण्याचाही विचार करा. गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला फ्लाइंग शिकलेली आपली पोरं असतात, घरच्यांनी जमीन विकून किंवा घर तारण ठेवून पैसे उभे केलेले असतात, नोकरी मिळायला पुन्हा दोन-तीन वर्षं वाट बघितलेली असते. त्या पोराचं प्रमोशन, त्याच्याबद्दलचं मत, हे सगळं शेजारच्या सीटवर बसणाऱ्या लोकांच्या हातात. त्याने कॅप्टनच्या हातून विमान घेतलं आणि नंतर कळलं की तशी गरज नव्हती, तर त्याचं काय होणार? जोवर याचं लेखी उत्तर, काहीही होणार नाही, असं कंपनीकडून आणि डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेकडून त्याच्या खिशात नसेल तोवर तो जस्ट चेक इट एवढंच म्हणेल.

आणि कंपनी हा शब्द आलाच आहे तर छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा अपघात आठवा. २६ एप्रिल १९९३, चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ उचललं गेलं आणि रनवेच्या पलीकडून जाणाऱ्या बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला चाक धडकलं, ५५ माणसं गेली. चौकशीत पायलटची चूक निघाली, विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. पण त्याच निष्कर्षात विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक न थांबवणं हेही तेवढंच लिहिलेलं होतं, आणि ते काम पायलटचं नव्हतं, नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटीचं होतं. मराठवाड्यात अजून त्या अपघाताची आठवण काढतात ती ट्रकमुळेच काढतात, लोकांना बरोबर कळतं. पायलट उशिरा उचलेल असं एखाद दिवशी होणारच, म्हणून तर रस्त्यावर फाटक पाहिजे. कॅप्टन थकलेला असेल, घाईत असेल, असंही एखाद दिवशी होणारच.

आणि थकवा तर वेळापत्रकातच लिहिलेला असतो. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मधे आणले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर बंधन. एअरलाइन्सना ते नको होते, पुढे ढकलले गेले, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, शेवटी २०२५ मधे दोन टप्प्यात लागू झाले. डिसेंबरमधे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, पुण्या-मुंबईच्या एअरपोर्टवर लोक बॅगांवर झोपले, आणि त्या गोंधळात सरकारने काय केलं तर याच नियमांतून तात्पुरती सूट दिली. लोकांचे हाल मला दिसत होते, लग्नं चुकली, इंटरव्ह्यू चुकले, चीड येणं साहजिक होतं. पण जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत असलेल्या नियमासाठी पुरेसे पायलट ठेवले नाहीत ही चूक मॅनेजमेंटची, आणि तिची भरपाई पायलटच्या झोपेतून करायची? उद्या त्यातला एखादा पहाटे चार वाजता चुकला तर अहवालात त्याचं नाव येईल. ज्याने रोस्टर बनवलं त्याचं येणार नाही.

मंगळूरच्या अहवालात संदिग्धता लिहून झाली, कोझिकोडच्या अहवालात कंट्रोल घेतले नाहीत लिहून झालं. आता मला एवढंच हवंय की कोणीतरी जबाबदार माणसाने हिशोब द्यावा. विमान कंपन्यांकडे प्रत्येक उड्डाणाचा डेटा असतो, किती अप्रोच स्थिर नव्हते, त्यातले किती वर गेले, हे त्यांना महिन्याच्या महिन्याला कळतं. तो डेटा कोणा एका पायलटला शिक्षा करायला वापरू नका, नावं काढून टाका, पण कंपनीवार आकडे दरवर्षी छापा म्हणजे तिकीट काढताना आम्हालाही कळेल. नागरी विमान वाहतूक खात्याचं राज्यमंत्रिपद २०२४ मधे पुण्याच्या मुरलीधर मोहोळांकडे आलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या खासदारांना दार ठोठवायला लांब जायला नको. लोकसभेत प्रश्न असा विचारावा: कोझिकोडनंतर भारतात को-पायलटने कॅप्टनकडून कंट्रोल घेऊन गो अराउंड किती वेळा केला, त्यातल्या किती जणांना नंतर स्पष्टीकरण मागितलं गेलं, आणि मंगळूर-कोझिकोडच्या बेसवर आज कॅप्टन किती आहेत.